पितळ निघू दे

मी एक जुनी अंगठी आहे. सोन्याची आहे, हे आधीच सांगून टाकते, मित्रांनो. कारण सोनं असण्याचं दुःख व्हावं असा एक दिवस माझ्या वाट्याला आला, आणि तोच मला तुम्हाला सांगायचा आहे.

मी एकटी जन्मले नाही. माझ्या मालकिणीच्या सासूबाईंनी आपल्या कानांतली जोडी सोनाराला दिली आणि त्याच्यासमोर ठाण मांडून बसल्या. सोनारकाकांनी ती मुशीत वितळवली आणि त्यात थोडं तांबं टाकलं.

"तांबं कशाला हो घालता?" सासूबाईंनी डोळे वटारले.

"चोख सोनं फार मऊ असतं, आजी. नुसत्या सोन्याची केली, तर सूनबाईंनी बादली उचलली की अंगठी चपटी!"

त्या एकाच रसातून आम्ही जुळ्या बहिणी झालो. मी मालकिणीच्या बोटात गेले आणि माझी बहीण मालकांच्या. मालक रंगांच्या गोदामात मुकादम होते.

मग मी वर्षानुवर्षं राबले. साबण, लिंबू, मीठ, सोडा, सगळ्यांत बुडून निघाले. शेजारी लोखंडी विळी गंजायची, तांब्याचा लोटा हिरवा पडायचा. माझा रंग मात्र होता तसाच राहिला. झिजले तेवढी.

"तुझी अंगठी बारीक होत चाललीय," मालक म्हणायचे. "आपल्या भांड्यांना सोन्याचा मुलामा चढतोय बघ."

"मग उद्यापासून भांडीच घालते बोटात!" मालकीण म्हणायची.

एका दुपारी त्या गोदामाला आग लागली.

आत दोघे होते, मुकादम आणि मालाच्या ट्रकचा ड्रायव्हर. दोघेही एकाच चणीचे. आग विझल्यावर एकच देह सापडला आणि तो कुणाचा हे कुणालाच सांगता येईना. दुसऱ्याचा काही पत्ता नव्हता. ड्रायव्हरची बायको कोवळी पोर होती. घरात एकटीला बसवेना म्हणून ती आमच्याकडे आली. दोघींनी चुलीकडे पाहिलं नाही की डोळ्याला डोळा लावला नाही. सकाळी हवालदार आला. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली.

"वहिनी, ही बोटात होती. ओळखता येते का बघा."

चकाकतं ते सगळंच सोनं नसतं म्हणतात. इथे तर काहीच चकाकत नव्हतं. एक काळं, वाकडं वेढं होतं आणि त्याला दुसऱ्याच कुठल्या धातूचा वितळलेला गोळा चिकटला होता. मी जीव एकवटून पाहिलं. माझी बहीण असेल तर मला कळायला नको? पण नाही कळलं. आमच्यातलं तांबं आगीत काळवंडतं, आणि पितळही काळवंडतं.

"ह्यांची सोन्याची होती," मालकीण म्हणाली.

"आमची पितळेची," ती पोर म्हणाली. "रस्त्यावरच्या गाडीवरून घेतलेली. मीच हट्ट केला होता."

हवालदाराने पुडी बांधली. "मग सोनाराकडे जावं लागेल," तो खाली बघत म्हणाला.

दुकानात दोघी एका बाकावर बसल्या, एकमेकींचा हात घट्ट धरून. सोनाराकडे येणारा प्रत्येक जण आपलं सोनं खरं निघावं म्हणून जीव मुठीत धरतो. माझी मालकीण मात्र पुटपुटत होती, "पितळ निघू दे. देवा, पितळ निघू दे." तिच्या शेजारची पोर गप्प होती, पण तिचं मागणं नेमकं उलटं असणार, हे मला कळत होतं. आणि मी? जन्मभर सोनेपणाचा तोरा मिरवलेली मी त्या काळ्या तुकड्याला विनवत होते, "बाई, तू माझी कुणी नसू दे."

सोनारकाकांनी लोहचुंबक जवळ नेलं. अंगठी हलली नाही.

"म्हणजे?" दोघींनी एकदम विचारलं.

"म्हणजे काहीच नाही. चुंबकाला सोनं चिकटत नाही, तसं पितळही चिकटत नाही."

तराजूत घालून पाहिली. सोनं पितळेच्या दुपटीहून जड असतं. पण त्या चिकटलेल्या गोळ्यामुळे वजनावर भरवसा ठेवता येईना. शेवटी काकांनी कानशीने कडेचा काळा थर काढला. खाली पिवळं दिसलं. पितळही पिवळंच असतं, मित्रांनो! काकांनी काळा कसोटीचा दगड पुढे ओढला, त्यावर ती कड घासली आणि मालकिणीपुढे हात केला.

"तुमची द्या, सूनबाई. शेजारी घासून बघतो."

दगडावर दोन पिवळ्या रेघा उमटल्या. काकांनी तेजाबाची बाटली उघडली.

"पितळ असेल तर रेघ पुसली जाईल. सोनं असेल तर राहील."

तेवढ्यात मालकिणीने दगडावर आपला तळहात आडवा धरला.

"जरा थांबा, काका. थेंब टाकेपर्यंत दोघेही जिवंत आहेत."

काका थांबले. हवालदाराने तोंड फिरवलं. मग त्या पोरीनेच मालकिणीचा हात हळूच उचलून घेतला.

थेंब पडला. दोन्ही रेघा राहिल्या.

त्या पोरीच्या तोंडून हुंदका फुटला, आनंदाचा. तिने चटकन तोंड दाबून धरलं. "वहिनी, मला माफ करा... मला माफ करा!" मालकिणीने तिचा हात सोडला नाही.

दोन-तीन दिवसांनी ड्रायव्हर आमच्या दारात येऊन उभा राहिला. भीतीने पळून तो बहिणीच्या घरी लपला होता.

"मी पुढच्या दाराने पळालो, वहिनी. मुकादम मागच्या दाराकडे धावले. त्याला चोरांच्या भीतीने बाहेरून कुलूप घातलेलं होतं. मी त्यांच्या हाका ऐकल्या... तरी पळालो."

त्याची बायको त्याच्यामागे उभी होती. 

"बरं केलंस," मालकीण म्हणाली. "तू परत आत गेला असतास, तर हवालदाराने दोन पुड्या आणल्या असत्या."

मग ती आत गेली आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

मित्रांनो, मला कितीही वेळा मुशीत घाला, मी पुन्हा सोनंच होऊन बाहेर येईन. माझ्या बहिणीला तर सोनारकाकांनी घासून उजळूनही दिलं. माणसाचं तसं नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुणी गोदामांचे, कारखान्यांचे मालकही व्हाल. तेव्हा तिजोरीला हवी तेवढी कुलपं लावा. पण आत माणसं असतील, त्या दाराला बाहेरून कुलूप लावू नका.