पन्नास वाक्यांची सभा

भोजराजच्या टेबलावर एक रेडिओ सेट, दोन मोटारीच्या बॅटऱ्या, मोर्सची एक चावी आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक तक्ता होता. तक्त्यात जखमा, चपला आणि निरोपांची पन्नास वाक्यं होती, प्रत्येकाला एक आकडा. हाच तक्ता जपानात मोरितांकडे जपानीत, श्रीलंकेत डिसिल्वांकडे सिंहलीत आणि जर्मनीत इंगेबोर्गकडे जर्मनमध्ये होता. कुणीही एकोणीस वाजवला की चारही घरी अर्थ एकच निघे: जखम वाढली.

हे तिघं दोन वर्षांपूर्वी अड्याळजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वस्तीत स्वयंसेवक म्हणून आले होते. बधिर पायांसाठी मऊ रबराच्या चपला त्यांनी तिथे शिवल्या. ते परत गेल्यावर हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या भोजराजने त्यांना हवेत एकत्र आणलं. नोव्हेंबर ब्याऐंशीपासून दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला वीस मिनिटांची सभा भरे. कुणाला गणित करावं लागू नये म्हणून त्याने ज्याला त्याला त्याच्याच घड्याळाची वेळ लिहून पाठवली होती. मोरितांना रात्रीचे नऊ, इंगेबोर्गला दुपारचा एक. डिसिल्वांचं घड्याळ आपल्यासारखंच होतं.

मार्चात वस्तीतल्या पंचफुलाचा उजवा पाय चिघळला. चवड्याखाली खडा रुतला होता, पण तिला तो कळलाच नाही. डॉक्टर म्हणाले, मे संपेपर्यंत जखम निम्म्यावर आली नाही तर पंजा कापावा लागेल. मग चिखलात उभं राहून भाताचा रोवणा करणं संपलंच. चपलेचा तळ कसा बदलायचा, हे फक्त इंगेबोर्गला माहीत होतं. वीस मार्चला तिने बेचाळीस वाजवला: करून बघते, पुढच्या रविवारी सांगते. पत्राने विचारावं तर उत्तराला महिना गेला असता.

सत्तावीस मार्चला ती आली नाही. तीन एप्रिललाही नाही. भोजराजने जखमेवर धुतलेली एक्स-रे फिल्म ठेवून कडा गिरवल्या, ती आलेखाच्या कागदावर धरली आणि चौकोन मोजले. सत्तावीस मार्चला चारशे बारा चौरस मिलिमीटर भरले होते, आता चारशे अडुसष्ट.

पंचफुला सभेला दाराशी बसायची. रेडिओचा परवाना भोजराजचा, त्यामुळे तिला बोलता येत नसे.

"जपानवाला येते, लंकेवाला येते. तेच बाई काहून नाई येऊन राहिली, गुरुजी?"

"आजारी असेल."

"दोन-दोन आयतवार? का भांडून बसली तुमच्याशी?"

"आकड्यांनी कसं भांडता येईल, बाई?"

"मंग तिची शाळा सकायची झाली असन जी. उनाळ्यात तुमची नाई का होत?"

भोजराज हसला. मग त्याचं हसू थांबलं. कपाटातून त्याने रेडिओवाल्यांचं जुनं मासिक काढलं. तिसऱ्या पानावर ते होतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी जर्मनी आपलं घड्याळ एक तास पुढे करते. तिचा दुपारचा एक म्हणजे आता इथले साडेचार. ती वेळेवर येत होती आणि त्याच्या खोलीतला सेट बंद होता.

"आले का ध्यानात?" पंचफुलाने विचारलं.

"ती आली होती. दोन्ही वेळा."

पंचफुलाने पायाची पट्टी थोडी वर सरकवली.

दहा एप्रिलला त्याने साडेचारच्या आधीच सेट लावला. ठोक्याला खरखरीतून तिची हाक आली. पहिलाच आकडा अकरा होता: तुम्ही कुठे होता? 'चूक माझी' असं वाक्य पन्नासांत नव्हतं. त्याने तीन वाजवला: पुढे सांगा.

तिने सावकाश, एकेक आकडा दोनदा वाजवून सांगितलं. तळ कडक हवा. त्याखाली, जखमेच्या थोडी मागे, बारा मिलिमीटर उंचीची आडवी पट्टी. सहा आठवडे चालणं अगदी कमी. भोजराजने सगळं लिहून घेतलं आणि तिला परत वाजवून दाखवलं. साडेपाचला मोरिता आणि डिसिल्वा आले, त्यांनाही कळवलं. त्याच आठवड्यात त्याने तिघांना नवी पत्रं टाकली. सभेची वेळ एकच, ग्रिनिचची. आपापलं गणित ज्याने त्याने करावं.

चप्पल चार दिवसांत शिवून झाली. पंचफुला घरात बसून राहिली. "मेल्यावानी बसून रायते मी," ती म्हणायची, पण उठली नाही.

बावीस मेला भोजराजने फिल्म धुतली, कडा गिरवल्या आणि चौकोन दोनदा मोजले.

सदतीस चौरस मिलिमीटर.