दहा मिनिटांची उकळी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. आधीच सांगून टाकते मित्रांनो, माझ्यात दागिने नाहीत, गुप्तधन नाही आणि भूतही नाही. पाहुण्यांच्या पोरांनी या तिन्ही आशेने माझं झाकण उघडून पाहिलं आहे आणि तोंड वाकडं करून परत लावलं आहे. माझं काम एकच, आत ठेवलेली ऊब कोंडून धरणं. पण मागची दोन वर्षं मलाच कोंडून ठेवलं होतं, आणि तेही न केलेल्या गुन्ह्यासाठी. ते कसं, ते सांगते.

मी मूळची सामानाची पेटी. पाण्याचा एक पंप पोटात घालून मला एका कारखान्यात पाठवलं गेलं. पंप निघाला आणि मी कोपऱ्यात पडले. तिथल्या एका पॅकिंगवाल्याला माझी दया आली. साहेबांना विचारून त्याने मला सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि घरी नेलं. त्याची बायको दारातच उभी होती. ती म्हणाली, "आणलात अजून एक अडगळ!" पण बोलता बोलताच ती माझ्या फळ्या ठोकून बघत होती.

तेव्हा ती दोन पोरांची आई होती. आता घरात सगळे तिला आजी म्हणतात, म्हणून मीही आजीच म्हणते. आजी एका लाँड्रीत इस्त्री करायची. नऊला घर सोडायची ते चारला परत. काटकसर तिच्या हाडीमाशी खिळली होती. चादर मधोमध विरली की ती उभी फाडायची, कडेच्या धडक्या बाजू मध्ये घेऊन शिवायची आणि आणखी दोन वर्षं काढायची. साबणाचे चपटे तुकडे जुन्या मोज्यात भरून त्यांचीच नवी वडी करायची. टूथपेस्टची ट्यूब संपली असं घरात कुणी म्हणायची सोय नव्हती, कारण ती लगेच कात्री घेऊन यायची. लाँड्रीतसुद्धा इस्त्रीचं बटण बंद केल्यावर जी ऊब उरते, त्या फुकटच्या उबेत ती रुमालांना इस्त्री करून घ्यायची.

त्या रुमालांपायीच माझा दुसरा जन्म झाला. एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली, "बंद केलेली इस्त्री एवढा वेळ गरम राहते, तर गॅस बंद केलेलं पातेलं का नाही राहणार? त्याला पांघरूण घातलं तर?"

नवरा म्हणाला, "पातेल्याला पांघरूण? उद्या त्याला अंगाईही म्हण."

पण रविवारी त्यानेच मला सोड्याने घासून उन्हात वाळवलं. फटींत कागद आणि खळ भरली. आजीने आतून जुन्या गोधडीचे थर लावले. धाकट्याचा आखूड झालेला स्वेटर लावला, उसवलेल्या लोकरीचे गोळे कोपऱ्यांत कोंबले. वर दाबायला नवऱ्याच्या विजारीची जाडजूड उशी केली. झाले मी तयार!

रीत अशी. सकाळी डाळ, तांदूळ किंवा भिजवलेले दाणे पातेल्यात घालून दहा मिनिटं खळखळ उकळायचे. मग घट्ट झाकण लावून पातेलं तसंच माझ्यात ठेवायचं, वर उशी, वर माझं झाकण. गॅस बंद. आजी कामावर, पोरं शाळेत, आणि मी एकटी घरात बसून स्वयंपाक करायची. चारला झाकण उघडलं की वाफ भसकन आजीच्या तोंडावर यायची. तिचा चष्मा धुरकट व्हायचा आणि ती हसायची. मधेच कुणी उघडायचं नाही, हा घरातला एकमेव कायदा होता. धाकटा शाळेतून आला की माझ्या झाकणावर गाल टेकून बसायचा. झाकण कुठलं गरम असणार? पण त्याला ते ऊबदार वाटायचं.

महिन्याचा गॅस दीड महिना जाऊ लागला. शेजारणी मला बघायला यायच्या. "हिने गॅसच पेटीत कोंडून ठेवलाय गं!" असं म्हणायच्या आणि आठवड्याने स्वतःच्या घरात खोका शोधायला लागायच्या. थोरली मुलगी, ताई, शिकली, परिचारिका झाली, लग्न होऊन दूर गेली. धाकट्याला नोकरी लागली. सगळं माझ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, एवढी काही मी शेफारलेली नाही. पण खारीचा वाटा माझाही होता.

पुढे आजीचा नवरा गेला. आजी धाकट्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायला आली. सोबत एक ट्रंक आणि मी. (चाळिशी आली तरी घरात तो धाकटाच.) सूनबाई औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असायची, त्यामुळे मी तिला बरी वाटले. ओट्याखाली मला जागा मिळाली. घरात नातही होती. वास आला की सगळ्यांच्या आधी हजर, म्हणून तिला मुंगी म्हणत.

आता माझ्या माणसाची चूक सांगायची वेळ आली आहे, आणि मला ते जड जातं.

वय वाढलं तशी आजीची काटकसर टोकदार होत गेली. दहा मिनिटांची उकळी आठवर आली, आठाची पाचावर. डाळ-तांदूळ बिचारे सांभाळून घेत होते. पण एका सकाळी लाल घेवड्याचे, म्हणजे राजम्याचे, दाणे होते आणि सिलिंडर संपत आला होता. आजीने एक उकळी येऊ दिली, दुसरी येऊ दिली आणि पुटपुटली, "बास. बाकीचं पेटी बघून घेईल."

पातेलं आत आलं तेव्हाच मला कळलं होतं. अहो, मी पेटी आहे, चूल नव्हे! मला दिलेली ऊब मी राखते, न दिलेली कुठून आणू? दिवसभर ते कोमट पातेलं पोटाशी धरून मी घाबरून बसले होते. संध्याकाळी मुंगीने सवयीप्रमाणे सगळ्यांच्या आधी ताटली पुढे केली.

कच्चट राहिलेला घेवडा विषासारखा बाधतो; उलट्यांनी दोन दिवस ती पोर दवाखान्यात होती. परत आल्यावर धाकट्याने मला ओट्याखालून ओढून काढलं. "या पेटीनेच केलं हे. कुजकट लाकूड, आत कसल्या चिंध्या, कसले किडे! पुरे झालं आता."

आजीने तोंड उघडलं. मी वाट पाहिली. तिने तोंड मिटलं.

मग धाकटा तिला म्हणाला, "आणि आई, तूही आता गॅसजवळ जाऊ नकोस. आयुष्यभर राबलीस. आता फक्त आराम कर."

चांगल्या मनाने बोलला होता, पण त्या दिवशी आजीच्या आयुष्याला बाहेरून कडी लागली. मला माळ्यावर चढवलं, तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं.

मित्रांनो, माळा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही, तुम्ही तिथे फक्त लपायला जाता. छत माझ्या झाकणापासून वीतभर वर. डाव्या बाजूला मोडका पंखा, उजव्या बाजूला कुणाचा तरी फुटका कॅरम बोर्ड. पडदा ओढला की सकाळ काय, दुपार काय, सारखंच. खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. पाच, सहा, सात! कुणी मोजत नव्हतं. माझा जीव तुटायचा. आणि खुर्चीतून आजीचा आवाज यायचा, "गॅस बारीक कर गं." मग तो आवाजही येईनासा झाला. चहा तिच्या हातात मिळायचा आणि रिकामा कप तिच्या हातातून घेतला जायचा. बाकी तिच्या हातांना काही काम नव्हतं.

दुपारी घरात कुणी नसलं की ती स्टुलावर चढायची. गुडघे कुरकुरायचे. पडदा बाजूला करून ती माझ्यात काहीबाही ठेवायची. दोऱ्यांची गुंडाळी, सुटी बटणं, रिकाम्या बाटल्यांची बुचं, एकेकटे मोजे, पाठकोऱ्या कागदांची चोपडी. "उपयोगी पडेल," म्हणायची आणि माझं झाकण हळूच थोपटायची. सुरुवातीला बरं वाटलं. पण त्यातलं काहीच कधी बाहेर आलं नाही. माझं पोट गच्च भरलं आणि मी उपाशी राहिले. खरं सांगू? मला तिचा राग यायचा. खरं बोलली असती तर मी इथे नसते, हे मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. म्हणून तर ती थोपटत होती.

अशी दोन वर्षं गेली. मग एका रविवारी छतातून पाणी झिरपायला लागलं आणि नळवाला आला. पाइपपर्यंत पोचायला माळा रिकामा करणं भाग होतं. मला उचलताना तो म्हणाला, "आजी, दगड भरलेत की काय हो यात?" आणि त्याचा हात सटकला. मी आपटले, झाकण उघडलं, आणि दोन वर्षांची अडगळ घरभर पसरली. बुचं घरंगळत पलंगाखाली गेली. मुंगीला हसू आवरेना.

धाकट्याला मात्र हसू आलं नाही. त्याने खिडकीतून खाली भंगारवाल्याला हाक मारली. "वर या हो! एक पेटी आहे."

आजी खुर्चीतून उठली, आली आणि सरळ माझ्यावर बसली.

"आई, ऊठ."

"नाही उठणार."

"अगं, या पेटीपायी मुंगी दवाखान्यात गेली होती! विसरलीस?"

तिने दोन्ही हातांनी माझ्या कडा धरल्या. ती म्हणाली, "पेटीपायी नाही रे. माझ्यापायी."

नळवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. आजी जमिनीकडे बघत बोलत राहिली. "दहा मिनिटं उकळायला हवं होतं. सिलिंडर संपत आला होता, म्हणून मी दोन उकळ्यांत उतरवलं. मूठभर गॅस वाचवला आणि पोरीला आजारी पाडलं. पेटीने काही केलं नाही. ती बिचारी नाहक वर जाऊन बसली."

सूनबाई म्हणाली, "आई, तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले असते तर मला गॅसजवळ जाऊ दिलं असतंत? भीती वाटली गं. आणि नाही बोलले, तरी नाहीच जाऊ दिलंत. मग हिला तरी कशाला शिक्षा?"

धाकटा खाली बसला. माझं अस्तर एका बाजूने फाटून लोंबत होतं, ते त्याने बोटांत धरलं. "ही माझ्या स्वेटरची बाही ना?" असं म्हणाला आणि मान वर करेना.

तेवढ्यात भंगारवाला धापा टाकत दारात आला. सूनबाईने पदर खोचला. "आई, उठा. ही बुचं, हे कागद, हे सगळं त्यांना द्यायचं. दोरे आणि बटणं राहू देत, ती लागतात. पेटी कुठे जायची नाही. पण एक अट. घड्याळ मी लावून देणार आणि दहा मिनिटं म्हणजे दहा."

"अकरा लाव," आजी म्हणाली.

भंगारवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "एवढे तीन जिने चढलो ते बुचांसाठी?" त्याला पाणी आणि चहा दोन्ही मिळालं.

मित्रांनो, मी पेटी असले तरी दोन गोष्टी सांगायचा मला हक्क आहे. काटकसर म्हणजे वस्तू डांबून ठेवणं नव्हे, तिला कामाला लावणं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचंही तसंच आहे. आणि चूक झाली तर ती पेटीवर ढकलू नका. पेटीला झाकण असतं, तोंड नसतं.

आज बुधवार. सकाळी लाल घेवड्याचे दाणे अकरा मिनिटं उकळले. आजीने स्वतः पातेलं माझ्यात ठेवलं, उशी दाबली, झाकण लावलं. मी पुन्हा बंद आहे. पोटाशी धग आहे, इतकी की जुन्या बाहीलाही घाम फुटावा. मुंगी शाळेतून आली आहे आणि माझ्यावर गाल टेकून बसली आहे.

"आजी, उघडू?"

"अजून नाही."

मलाही अजून नकोच आहे.