भिंती वाळतायत

उभा जन्म दुसऱ्याच्या छपराखाली रंधा मारण्यात गेला आणि हात जरा थरथरायला लागल्याबरोबर मालकाने सुताराला घरी बसवलं. वर म्हणाला, "आता आराम करा." आराम म्हणे! पोट काय आरामावर भरतं? सुताराने त्याच दिवशी ठरवलं, आपला स्वतःचा कारखाना उभारायचा. तोही ताबडतोब, मालकाच्या नाकावर टिच्चून.

लाकूड घरचंच होतं. परसातल्या निलगिरी बायकोने लावलेल्या, कमरेवर बादल्या वाहून जगवलेल्या. तिने होकार दिला, पण एका बोलीवर. "पाडा. मात्र माझ्या झाडांचं सरपण झालेलं मला चालायचं नाही."

गिरणीवाल्याने ओंडके चिरून फळ्या पाडल्या आणि बजावलं, "मिस्त्री, लाकूड ओलंचिंब आहे. मधे पट्ट्या घालून थप्पी लावा, सावलीत वाळू द्या. वर्षभर हात लावू नका."

"मला शिकवतोस?" सुतार खेकसला. ओलं लाकूड वापरणाऱ्या कित्येकांना त्याने स्वतः फैलावर घेतलं होतं. पण घरी बसवलेल्या माणसाला वर्ष म्हणजे जन्मठेप. त्याने थप्पी लावलीच नाही. खांब रोवले, छप्पर चढवलं आणि फळीला फळी भिडवून खिळे ठोकले.

उन्हं तापली तशा भिंती तडतडायला लागल्या. फळ्या पिळल्या, टोकं फाटली, खिळे उखडून बाहेर आले. मेव्हणा आला आणि फटीतून आत डोकावला.

"दाजी, खिडक्या फार ठेवल्यात हो!"

सुताराने कुऱ्हाड उचलली. "चुलीत घालतो सगळं!"

बायको भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "घाला बघू. काय ठरलं होतं आपलं?"

"अगं, माहीत असून चुकलो. कुणाला तोंड दाखवू आता?"

"मला दाखवा. मी रोज बघतेच आहे, अजून मेले नाही." मग तिचा आवाज चढला. "आणि कुणासाठी एवढी घाई? त्या मालकासाठी? त्याला तुमचं नाव तरी आठवतंय का?"

सुतार मटकन खाली बसला. रागावलेला माणूस रडतो तेव्हा फार वाईट दिसतो. मेव्हण्याने मान फिरवली, आणि थोड्या वेळाने स्वतःच पक्कड शोधून आणली.

तिघांनी मिळून सगळे खिळे उपसले. हाताबाहेर गेलेल्या फळ्या चिरून सुताराने पट्ट्या काढल्या, त्या मधे घालून धडक्या फळ्यांची थप्पी रचली आणि वर दगड ठेवले. बायको प्रत्येक थराला हात लावून बघत होती. डगमगला की म्हणायची, "हा परत."

उरले नुसते खांब आणि छप्पर. सुताराने त्याखाली कामाचं टेबल ओढलं.

शेजारीण मोडक्या पायाची खुर्ची घेऊन आली आणि उघड्यावरचा तो थाट बघून घुटमळली. "कारखाना अजून व्हायचाय वाटतं?"

"झालाय की. भिंती तेवढ्या वाळतायत," सुतार म्हणाला. "आणा ती खुर्ची इकडे."