हळदीतला शुक्रवार

मैत्रीण मृणालीच्या हळदीला बेनेडिक्ता वसईहून काल्हेरला आली होती. पंगतीत मृणालीची आजी, आक्का, मटण वाढू लागली.

“मला नको, आक्का. ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस आहेत. शुक्रवारी आम्ही मटण खात नाही.”

“हळदीचा मटान नाकारला!” शेजारीण कुजबुजली. बेनेडिक्ता डगमगली नाही.

आक्का म्हणाली, “मी सोमवारी खात न्हाय, ही शुक्रवारी. पोरी, मावरा चालल का?”

“मासे? धावतील!”

पंगत हसली. आक्काने घरातून बोंबलाचं कालवण आणलं. बेनेडिक्ताने क्रूसाची खूण करून हात जोडले.

“मोठ्यानं बोल,” आक्का म्हणाली. “माझ्या मृणालीसाठीपन माग.”

बेनेडिक्ताने खणखणीत आवाजात मृणालीच्या संसारासाठी प्रार्थना केली. ती संपेपर्यंत कुणी घास उचलला नाही.