गाडी किती पळालीय?

जुनी टूरिंग बाइक विकणाऱ्यांच्या मी एका शब्दावर विश्वास ठेवत नाही. आम्ही काळाचौकीची पोरं दरवर्षी बाइक घेऊन कुठे ना कुठे जातो. सेकंडहँड गाडी कुणाला घ्यायची असली की पारखायला मलाच नेतात. या वेळी घ्यायची मलाच होती.

हिंदमाताच्या मागे विनीत दिघे यांची सोसायटी. आवारात गाडी उभी, आणि गाडीशेजारी, भर मे महिन्यात रायडिंग जॅकेट घालून, हे महाशय. सामानाच्या पेट्यांवर लेह, स्पीती, कन्याकुमारीचे स्टिकर. मागे त्यांची बायको वैदेही. बाकावर पेपर वाचत बसलेले सोसायटीचे सेक्रेटरी अप्पा मी न विचारताच म्हणाले, "गणपतीत यांचा सत्कार केला आम्ही. शाल, श्रीफळ. हिमालय पालथा घातलाय."

"किती पळालीय?" मी विचारलं.

"फक्त चार हजार."

मला हसू आलं. इथून लेहला नुसतं जाऊन आलं तरी पाच हजार होतात. मीटर फिरवायचा तर निदान हिशेब तरी जुळवायचा. इतका बिनडोक चोर पाहून मला त्याची कीवसुद्धा येईना.

तरी गुडघ्यावर बसून पाहू लागलो. मीटर फिरवता येतो, पण झिजलेलं रबर परत वाढवता येत नाही. फुटरेस्ट कोरे. ब्रेकच्या पेडलवरचा रंगही गेलेला नाही. टायर कंपनीचेच, कडेला नव्या टायरचे बारीक रबरी केस तसेच. मी चक्रावलो. मग हँडलच्या खाली सुतळीचा तुकडा सापडला आणि सीटच्या पट्टीत गोणपाटाचे धागे. रेल्वेचे पार्सलवाले बाइक गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधतात.

म्हणजे गाडी गेली पार्सलने, साहेब गेले विमानाने. डोंगरासमोर फोटो काढला, स्टिकर चिकटवला, आले परत. मीटर अगदी खरा होता. चोर बरा, असं मला वाटलं. तो निदान काहीतरी हात हलवतो.

सुतळी बोटाला गुंडाळत मी मोठ्याने विचारलं, "साहेब, लेहलाच पाच हजार होतात. स्टिकर तीन, मीटर चार हजार. हे कसं काय बुवा?"

अप्पांनी पेपर खाली केला.

"मीही कधीची हेच विचारणार होते," वैदेही म्हणाली. तिच्या आवाजातला संशय मला आवडला नाही.

दिघ्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं. मीटर खरा आहे, एवढं म्हटलं असतं तर मागतील तो भाव मिळाला असता. ते बायकोकडे बघत राहिले.

"मीटर फिरवलाय मी," ते म्हणाले. "भाव चांगला यावा म्हणून. खरं रनिंग पस्तीस हजार आहे."

"मग भावही पस्तीस हजार पळालेल्या गाडीचा," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. नवीकोरी गाडी मला भंगाराच्या भावात मिळाली.

"शी, लोकांना असं फसवायचं?" वैदेही नवऱ्यावर ओरडली. मग अप्पांकडे वळून म्हणाली, "पस्तीस हजार हो." चोरी कबूल केलेल्या नवऱ्याकडे ती इतक्या विश्वासाने पाहत होती की मी सुतळी खिशात टाकली, किल्ली घेतली आणि निघालो.