अडीच शेर पाणी

सन १९६१, वैशाख महिना. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी जळगाव जामोदला दयाराम सुताराच्या अंगणात मला धाव चढली. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. तोवर मी लाकूड होतो. त्या दिवसापासून चाक झालो.

माझं सांगणं थोडं आहे. रडगाणं नाही. झालं तसं सांगतो.

माझा मधला तुंबा बाभळीचा, बारा आरे बाभळीचे आणि घेऱ्याचे सहा तुकडेही त्याच झाडाचे. माझा जोडीदार, म्हणजे दुसरं चाक, तोही त्याच झाडाचा. दयारामने ती बाभूळ वर्षभर तळ्यात बुडवून ठेवली आणि वर्षभर सावलीत वाळवली. गिऱ्हाईक घाई करू लागलं की तो म्हणायचा, "घाई असंन तं दुसऱ्याकडे जा. माह्या चाकाले माह्या नातवानं पाहिलं पाहिजे."

आम्हाला एका दुकानदाराच्या दमणीसाठी घडवलं होतं. दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी गाडी. बायका माहेरी पोचवायच्या, लग्नाला जायचं. बैल चालत जायचे, आम्ही फिरत जायचो. एक वर्ष असं गेलं. मग दुकानदाराने मोटार घेतली. दमणी पावसाळाभर उघड्यावर भिजत पडली.

१९६२ च्या मार्गशीर्षात माणिकराव आला. पिंपळगाव राजाचा मोठा कास्तकार. त्याला दमणी नको होती. त्याने आम्हाला बोटाने वाजवून पाहिलं, एका हाताने उचलून पाहिलं आणि म्हणाला, "फक्त चाकं घेतो. माह्या पटाच्या छकडीले."

पट म्हणजे बैलांची शर्यत. आमच्या भागात सुगी उरकली की पट भरतात. छकडी ही त्यासाठीच केलेली गाडी. एक माणूस कसाबसा उभा राहील एवढी. माणिकरावाचे बैल चांगले होते. तरी आदल्या वर्षी तो हरला होता, घड्याळाच्या काट्याच्या अर्ध्या घराने. बैलांचा दोष त्याला मान्य नव्हता. त्याने दोष चाकांवर ठेवला. जुनी चाकं जड, त्यांची धाव तीन बोटं रुंद. हलकी चाकं आणि अरुंद धाव बसवली की पट आपलाच, असं त्याने मनाशी धरलं.

पिंपळगावात युसूफ लोहाराने आम्हाला हातात घेतलं. जुनी धाव तोडली. घेरा तासून बारीक केला. तुंब्याचं भोक छकडीच्या आखाला मोठं होत होतं, म्हणून आत लोखंडी नळी ठोकली. मग नवी धाव केली, दीड बोट रुंद. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल केली, सांडशांनी उचलून माझ्यावर ठेवली, घणाने बसवली आणि वर घागरी ओतल्या. धूर झाला. लोखंड आवळलं तसे माझे सगळे सांधे कडकड वाजले. त्या दुखण्याची मला तक्रार नाही. चाकाला ते सोसावंच लागतं.

युसूफने हातोडी मारली. टण्ण आवाज आला.

"आज घट्ट आहे," तो म्हणाला. "पण मालक, लाकडात ओल आहे. पावसाळाभर भिजलेलं आहे. माघाच्या वाऱ्यानं ते सुकन, आकसन. पटाच्या आदल्या दिवशी चाकाले पाणी पाजा."

"तू धाव चढवली का डोक्यावर टोपी ठेवली बे? वाऱ्यानं उडते म्हणे!"

"टोपी उडाली तं डोकं राहते, मालक. धाव उडाली तं काही राहत नाही."

माणिकराव हसला. मजुरी चोख दिली.

पाणी पाजणं ही काही युसूफची अक्कल नव्हती. सगळ्या गावाची रीत होती. पटाच्या आदल्या दिवशी झाडून साऱ्या छकड्यांची चाकं नाल्याच्या डोहात टाकत. लाकूड फुगायचं आणि धाव पकडून ठेवायचं.

माणिकरावाने काय केलं? त्याने माझ्या जोडीदाराला धान्याच्या काट्यावर घातलं. आधी कोरडं तोललं, मग दिवसभर हौदात भिजवून तोललं. सरकारने किलो आणला होता, गावात अजून शेर चालत होता. भिजलेलं चाक अडीच शेर जड भरलं. हा हिशोब केल्यावर त्याने जोडीदाराला आठवडाभर उन्हात ठेवलं. मलाही शेजारी ठेवलं.

त्याच्या गाडीचा धुरकरी पुंजाजी होता. धुरकरी म्हणजे छकडी हाकणारा. वर्षभर माणिकरावाकडे सालाने राबायचा आणि पटात गाडी हाकायचा. अंगाने काटकुळा, पण बैल त्याच्या नुसत्या जिभेच्या आवाजावर निघायचे. आदल्या संध्याकाळी माणिकरावाच्या ओट्यावर माणसं बसली होती. पुंजाजी खाली उभा राहिला.

"मालक, चाकं डोहात टाकतो. सकाळी काढतो."

"नाही."

"सारेच टाकून राह्यले."

"म्हणूनच आपण नाही टाकायची. एका चाकात अडीच शेर पाणी, दोन्हीचं पाच. बैलाच्या गळ्यात पाच शेराचा धोंडा बांधू काय मी?"

"धाव निघाली तं?"

"निघाली तं नवी बसवीन."

"अन् मी निघालो तं?"

ओट्यावरची माणसं हसली. माणिकरावही हसला. तो सगळ्यांकडे पाहून मोठ्याने म्हणाला, "तुले माह्या खांद्यावर बसवून तुह्या घरी पोचवून देईन. पिंपळगावच्या पुऱ्या बाजारातून. झालं समाधान?"

"दहा माणसं आयकून राह्यली, मालक."

"आयकू दे. माणिकरावाची जबान आहे."

१९६३ चा माघ. पटाचं मैदान गावाच्या पूर्वेला. झेंडी पडली आणि बैल सुटले. मी डावीकडे होतो. तेवढ्या वेगाने मी जन्मात फिरलो नव्हतो. खोटं बोलत नाही, मला ते आवडलं. अर्ध्या पटाला आम्ही पुढे होतो.

मग धाव माझ्यावर सरकली. मला कळलं, पुंजाजीलाही कळलं असावं, कारण त्याने कासरे ओढले. बैल आता थांबण्यासारखे राहिले नव्हते. धाव निघून पुढे पळत गेली, लोकांत शिरली. घेऱ्याचे सहा तुकडे सहा दिशांना गेले. आरे जमिनीत रुतून मोडले. छकडीचा डावा कोपरा मातीत घुसला आणि पुंजाजी खाली आला. कासरा त्याच्या मनगटाला होता. बैलांनी त्याला ओढत नेलं आणि उलटलेली छकडी त्याच्या उजव्या पायावरून रगडत गेली.

माणिकराव धावत आला. आधी बैलांकडे गेला. एका बैलाच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. त्याने धोतराचा सोगा फाडून बैलाचा गुडघा बांधला. तोवर युसूफने कोणाची तरी बाज आणली. युसूफ आणि आणखी तिघांनी पुंजाजीला बाजेवर घातलं आणि नेलं.

माणिकराव बैलाजवळच बसून राहिला.

बुलढाण्याच्या दवाखान्यात पुंजाजीचा पाय गुडघ्याखाली कापला. बावीस दिवसांनी तो एस.टी.ने परत आला.

त्याची बायको तानाबाई. ती दुसऱ्याच दिवशी मैदानात गेली होती. मोडके आरे तिने चुलीसाठी गोळा केले. माझा तुंबा उरला होता. तो तिने डोक्यावर घेतला आणि घरी आणून दाराशी ठेवला. एका पायाच्या माणसाला खाली जमिनीवर बसता-उठता येत नाही. पुंजाजी माझ्यावर बसू लागला. तेव्हापासून मी चाक नाही, बसायचं लाकूड आहे. हलका करायला मला तासलं होतं, पण तुंबा तासला नव्हता, म्हणून टिकलो.

महिन्याने माणिकरावाची गाडी दारात आली. गाडीत ज्वारीचं पोतं. गडी ते उतरवू लागला तशी तानाबाई पुढे झाली.

"कोणी धाडलं?"

"मालकानं."

"मालकाले सांगजो, जबान जवारीची नोहती दिली."

"बाई, घरात दाणा नाही तुह्या."

"माह्या घराची मोजदाद करू नको. पोतं फिरव."

गाडी फिरली. त्या रात्री घरात अंबाडीची भाजी होती, भाकर नव्हती.

पुंजाजी दोर वळायला शिकला. लोक आपली चाकं त्याच्याकडे आणू लागले. तो काठीने धाव वाजवायचा, कान द्यायचा आणि सांगायचा, "घट्ट आहे," नाहीतर, "पाणी पाज." त्याचे तो पैसे घेत नसे. दर माघात तानाबाई मला डोक्यावर घेऊन पटाच्या मैदानात नेई. तो कुबडीवर मागून येई. झेंडीपाशी मला ठेवत, तो बसे आणि सुटणाऱ्या प्रत्येक छकडीची चाकं वाजवून पाही. माणिकराव तिथेच पलीकडे उभा असे. दोघांची नजरानजर होत नसे. माणिकरावाची छकडी पुंजाजीपुढून न नेता उलट्या बाजूने आणत.

चार वर्षं असं चाललं.

१९६७ च्या माघात माणिकरावाची गाडी त्याचा मुलगा शेषराव हाकणार होता. बाविशीचा गडी, नवीन लग्न झालेला. त्या वर्षी उलट्या बाजूला माणसांची दाटी होती, म्हणून छकडी पुंजाजीपुढूनच आली. पुंजाजीने काठी मारली. डावं चाक टण्ण वाजलं. उजवं बद्द वाजलं. तो आवाज मी ओळखतो. मरायच्या दिवशी मी तसाच वाजत होतो.

पुंजाजीने काठी आऱ्यांत घातली.

"गाडी सोडू नको, शेषराव."

"काठी काढा, काका."

"धाव ढिली आहे. पाणी पाजलं होतं का?"

"तुमचा पाय गेला म्हणून आमची गाडी अडवता काय?"

लोक हसले. झेंडीवाला ओरडू लागला, "ओ पुंजाजी, टाइम होऊन राह्यला!"

पुंजाजी म्हणाला, "काठी मोड, मंग जा. काढत तं मी नाही."

माणिकराव आला. काय झालं ते त्याने विचारलं नाही. तो उजव्या चाकाशी खाली बसला. धाव आणि लाकूड यांच्या मधे त्याने अंगठ्याचं नख घातलं. नख आत गेलं. मग बोटाचं पेर गेलं.

"शेषराव, बैल सोड."

"बाबा, आपला नंबर..."

"बैल सोड म्हणलं ना बे!"

शेषरावाने बैल सोडले. माणिकराव उठला आणि माझ्यापुढे आला. म्हणजे पुंजाजीपुढे. त्याने डोक्याचा फेटा काढून शेषरावाच्या हातात दिला. पाठ फिरवली आणि उकिडवा बसला.

"बस."

पुंजाजीला कळलं नाही. मग कळलं.

"राहू द्या, मालक. जमाना झाला."

"बस."

"तुमचं वय झालं. लोक पाहून राह्यले."

"लोकांच्या पुढंच बोललो होतो."

युसूफ गर्दीत होता. तो पुढे झाला, त्याने पुंजाजीला धरून माणिकरावाच्या खांद्यावर बसवलं. माणिकराव एका गुडघ्यावर जोर देऊन उठला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा उठला. तानाबाईने मला डोक्यावर घेतलं. म्हणून पुढचं मी उंचावरून पाहिलं.

मैदानातून बाजारात आलो. दुकानदार बाहेर आले. एक जण हसला आणि मग त्याचं हसणं थांबलं. माणिकराव पन्नाशीच्या पुढचा. चावडीपाशी त्याचे पाय लटपटले. शेषराव धावत आला.

"बाबा, मी घेतो. द्या."

"जबान तू दिली होती काय?"

शेषराव मागे झाला. पुंजाजी वरून म्हणाला, "मालक, जरा टेका." माणिकराव टेकला नाही. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. पुंजाजीच्या पायजम्याचा रिकामा पाय त्याच्या छातीवर लोंबत होता.

घर आलं. दाराशी तानाबाईने मला माझ्या जागेवर ठेवलं. माणिकराव खाली बसला आणि पुंजाजीला माझ्यावर उतरवलं. मग तो भिंतीला हात लावून धापा टाकत उभा राहिला.

चार वर्षांत त्या घरचं पाणी कोणी माणिकरावाला विचारलं नव्हतं. तानाबाई आत गेली. तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढे धरला.

तो उभ्यानेच प्याला. सगळा तांब्या प्याला आणि रिकामा तिच्या हातात दिला.

देणं फिटलं.