अळण्यांची पोर

गोदूबाईने चिमटीत मीठ धरलं आणि हात पेजेच्या वाडग्यावर नेला. हात तिथेच थांबला. चुलीशी बसलेली साबिरा त्या चिमटीकडे बघत होती.

"टाक गो," साबिरा म्हणाली. "मीठ खाल्लेलं पोर ती रानातली बाय नेत नाय. तुझ्या सासूनंच सांगितलेलं ना?"

"व्हय."

"मग बघतेस काय?"

"सबूद दिलाय मी."

गोदूबाईने मीठ बरणीत परत टाकलं आणि बोटं पदराला पुसली. साबिराने कपाळावर हात मारला. तिचा नवरा हाशिम आखातात, दोह्याला, इकडे गोदूबाईला मागेपुढे कुणी नाही. खाडीच्या बांधाला लागून राहणाऱ्या या दोघी एकमेकींना इतकी वर्षं ओळखत होत्या, की पुढचं भांडण दोघींनी मनातच उरकलं.

सहा वर्षांची ऋतुजा दारात बसून होती. काल तिचा पहिला दुधाचा दात पडला होता. तो तिने मुठीत धरून ठेवला होता.

सहा वर्षांपूर्वी गोदूबाई गागोद्याच्या वरच्या रानात सरपणाला गेली असताना एका बाईने तिच्या ओटीत हे पोर ठेवलं होतं. मिठागरावरची जुनी माणसं त्या रानातल्या लोकांना अळणे म्हणायची, कारण त्यांच्या अंगात मीठच नसतं. त्यांचा घाम गोड, आसवं गोड. पाणी ते तोंडाने पीत नाहीत. ओल्या मातीत उभे राहून तळपायांनी ओढून घेतात. आपली नाडी तीनदा वाजते तेव्हा त्यांची एकदा. जुळं झालं तर एक पोर रानात ठेवतात, दुसरं माणसांकडे वाढवायला देतात आणि पहिला दात पडला की न्यायला येतात. बोलत नाहीत. त्या दिवशीही ती बाई बोलली नव्हती. तिने गोदूबाईचा तळवा चाटला, लगेच थुंकली, आणि पोराच्या ओठांवर हात आडवा धरला. गोदूबाईने मान हलवली. पोराला मीठ द्यायचं नाही, सबूद तो एवढाच.

सासूने आणखी एक सांगितलं होतं, की अळणे रिकाम्या हाताने परत जात नाहीत. म्हणून गोदूबाईने शेरभर लाल तांदूळ फडक्यात बांधून घेतले.

मिठागरावर जन्म गेलेल्या बाईने अळणी पोर वाढवायची म्हणजे चेष्टा नव्हती. दोन वेगळी भांडी कोण शिजवणार? शिवाय पोर तिच्या ताटाकडे टकामका बघायची. तेव्हा गोदूबाईनेही मीठ सोडलं. मिठाच्या राशीवर बसून अळणी भाकर खाते म्हणून बाया हसल्या. गोदूबाईचं प्रेशर उतरलं म्हणून दवाखान्यातली नर्स खूश होती, नाडी मोजताना मात्र ती आपल्या मनगटावरचं घड्याळ हलवून बघायची. सकाळी गोधडीवर मुंग्या असत. मायलेकी एकाच गोधडीत झोपत. गोदूबाई आधी पोरीचं तोंड पुसायची, मग मुंग्या झटकायची.

रानात जायला साबिराने रिक्षा ठरवली. डांबरी रस्ता संपला तिथे ती रिक्षातच बसून राहिली. पोरीचा मुका घेताना तिला रडू फुटलं, तसं तिने तोंड फिरवलं.

अळणे भर दुपारी येतात. ऐनाच्या झाडांखालच्या कातळावर पाय ठरत नव्हता, इतका तो तापला होता. पण त्यावर ओल्या पावलांचे ठसे उमटलेले होते आणि ते वाळत नव्हते. पाखरू ओरडत नव्हतं. गोदूबाईने पोरीचा हात घट्ट धरला. देऊ नये, असंच पळत खाली जावं, असं तिला वाटलं.

बाई आधीपासूनच तिथे उभी होती. तिच्या नडगीवरून मुंग्यांची रांग वर चालली होती, झाडावर चढावी तशी. तिच्यामागे एक मुलगी होती. ऋतुजाचंच नाक, ऋतुजाचेच डोळे. तिने तोंड उघडलं, तर दातही तोच पडलेला. तिची पापणी लवत नव्हती.

बाईने ऋतुजाला जवळ ओढलं आणि तिचं कपाळ चाटलं.

मग ती थुंकली.

गोदूबाईला काही कळेना. "मी नाय दिलं गो बाय," ती म्हणाली. "शपथ घेते."

"मी खाल्लं, आये," ऋतुजा म्हणाली. "राशीतनं. रोज खाते."

"कधीपासनं?"

"दोन पावसाळे झाले. साबिरामावशी म्हणली व्हती, मीठ खाल्लं का नेत नाय."

गोदूबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतका आनंद तिला उभ्या जन्मात झाला नव्हता. तिने पोरीला आपल्या मागे घेतलं आणि तांदळाचं गाठोडं पुढे केलं.

बाईने गाठोड्याकडे पाहिलंही नाही. तिने गोदूबाईचं मनगट धरलं, वाकली, आणि तिच्या गालावरून जीभ फिरवली. गोदूबाई ती थुंकायची वाट बघत राहिली.

बाई थुंकली नाही. तिने डोळे मिटले. तिच्या बोटांतली नाडी आणि गोदूबाईच्या मनगटातली नाडी एकदमच वाजली. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदमच.

मनगट सुटत नव्हतं. बाई ओढतही नव्हती, नुसती धरून उभी होती. मागची मुलगी पुढे आली आणि तिने गोदूबाईचा दुसरा हात धरायला आपला हात पुढे केला.

गोदूबाईने त्या हाताकडे पाहिलं. मग वळून गाठोडं ऋतुजाकडे दिलं.

"खाली जा. मावशी रिक्षात हाय. तिला म्हण, भातात मीठ घाल."

"आनि तू?"

गोदूबाईने खाली पाहिलं. तापल्या कातळावर तिचे पाय आता भाजत नव्हते.

"आये, मुंग्या," ऋतुजा म्हणाली. ती चवड्यांवर उभी राहिली आणि तिने फ्रॉकच्या टोकाने गोदूबाईचं तोंड नीट पुसलं. "गोधडीवर रोज तुझ्याच बाजूला असतात."